तीन वर्षांपूर्वी सोडलेली सिगरेट

माझ्या आजारात एक मोठी पंचाईत आहे. बाकीच्यांचं काही बिनसलं तर ते म्हणतात दात दुखतोय, गुडघा दुखतोय. माझं काही बिनसलं तर मला आधी विचारावं लागतं, हे खरंच बिनसलंय की मला नुसतं तसं वाटतंय? आणि विचारायचं कोणाला, तर त्याच डोक्याला. तीस वर्षं मी हे करतोय, पण अजून सवय झालेली नाही.

माझं नाव नेव्हिल. वय चोपन्न, गाव इंग्लंडातलं ग्रिम्सबी, आजार दोन. एक डोक्याचा, तो तरुणपणीच आला. दुसरा साखरेचा, तो डोक्याच्या गोळीने आणला असं डॉक्टर स्वतःच सांगतात. गोळी घेतली नाही तर आवाज येतात, घेतली तर भूक लागते, अशी की पाव संपला तरी हात पिशवीत चाचपत राहतो. इकडे आड, तिकडे विहीर. मी आपला विहिरीत बसलोय, निदान तिथे शांतता तरी आहे.

त्या शांततेसाठी मी काय काय केलं ते मला माहीत. नऊ वर्षं मी अशा घरात काढली जिथे सुऱ्या कुलपात असायच्या आणि न्हाणीघरात जास्त वेळ झाला की कोणीतरी दार ठोठावायचं. मग तीन वर्षांपूर्वी मला फ्लॅट मिळाला. दुसरा मजला, एक खोली, खिडकीतून गोदीचा मनोरा दिसतो. दाराला आतून कडी, आणि ती मी लावायची. पहिल्या आठवड्यात मी ती उगाचच लावायचो आणि काढायचो.

फ्लॅट देणाऱ्या संस्थेची एक अट होती. सिगरेट ओढणारा भाडेकरू नको, कारण आधीच्याने गादी पेटवली होती. मी म्हणालो, "मी सोडलीय." माझी थोरली बहीण मॉरीन हिने फॉर्मवर सही केली की भाऊ ओढत नाही. क्लिनिकच्या नर्सने कॉम्प्युटरवर 'नाही'पुढे खूण केली आणि टाळ्या वाजवल्या. त्याच दुपारी इमारतीमागच्या कचऱ्याच्या डब्यांच्या आडोशाला उभा राहून मी एक वळली आणि ओढली. पुढे रोज वीस. घरात मात्र एकही नाही, देवाशपथ.

खोटं एकदा बोललं की ते दरवर्षी पाळावं लागतं. दर तपासणीला नर्स विचारायची, "अजून नाही ना ओढत?" मी म्हणायचो, "छे!" आणि पुदिन्याची गोळी या गालातून त्या गालात सरकवायचो.

यंदा मार्चमध्ये कर्स्टी आली. वय सव्वीस, गाल लाल, पायात पळायचे बूट. माझ्यासारख्या दोन्ही आजारांच्या माणसांना चालायला, खायला, झोपायला शिकवणं हे तिचं काम. मला वाटलं होतं ही मला भाषण देईल. ती माझ्या स्वयंपाकाच्या ओट्याशी बसली आणि ताटलीवर बोटाने रेघा मारायला लागली.

"अर्धी ताटली भाजी. पाव ताटली मासा. पाव ताटली बटाटा."

"आणि चिप्स?"

"चिप्स म्हणजे बटाटाच, नेव्हिल."

"मटार?"

"मटार भाजीत."

"मग मटारच्या अर्ध्यात थोड्या चिप्स लपवल्या तर?"

"तर मला दिसतील," ती म्हणाली. "तुम्ही लपवण्यात कच्चे आहात."

मी मनात हसलो. मनगटावर तिने पावलं मोजायचं घड्याळ बांधलं. पहिल्या दिवशी नऊशे पावलं, महिन्याने चार हजार. खोटं कशाला बोलू, मला ती पोरगी आवडायला लागली होती.

एक दिवस तिने माझे मोजे काढायला लावले. डोळे मिटायचे, ती तळव्याला नायलॉनचा दोरा टोचणार, टोचलेलं कळलं की 'हो' म्हणायचं. मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ काहीच होईना.

"अगं, सुरू कर की."

"मी सहा वेळा टोचलं, नेव्हिल."

मी डोळे उघडले. ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती. "बरं झालं तुम्ही सिगरेट ओढत नाही," ती म्हणाली. "ओढत असता तर हा पाय..." ती मला मोजा चढवायला लागली. मी घाबरलो, पुरता घाबरलो. पुढच्याच आठवड्यात तंबाखूचा पुडा, कागद, लायटर, सगळं त्याच डब्यात टाकलं ज्याच्यामागे उभा राहून तीन वर्षं ओढली होती.

कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? जी सोडून तीन वर्षं झाली ती आज सोडली?

पहिला आठवडा भिंतीवर डोकं आपटावं असा गेला. दुसऱ्यात बेकरीवरून जाताना पावाचा वास आला आणि मी फुटपाथवर उभाच राहिलो, इतक्या वर्षांनी आला तो वास. आणि तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं कुठेतरी निघून गेलं.

सकाळी अकरा अकरापर्यंत जाग येईना. उशी ओली. जीभ जड, जणू कोणीतरी दुसऱ्याचीच तोंडात ठेवलीय. पावलं पुरी करायला बाहेर पडलो तर थोड्या वेळाने बसच्या थांब्यावर उभा होतो, का ते आठवेना. बस आली, दार उघडलं.

"चढायचंय का, काका?" ड्रायव्हर म्हणाला.

"ही कुठे जाते?"

"तुम्हाला कुठे जायचंय?"

"तेच तर विचारतोय."

त्याने दार बंद केलं. मी त्याच्या जागी असतो तर मीही केलं असतं.

कर्स्टी आली तेव्हा मी टेबलाला धडकलो. "साखर उतरली!" म्हणून तिने मला पेलाभर संत्र्याचा रस पाजला. मग बोटाला सुई टोचून पाहिलं तर साखर उतरलेली नव्हती, चढलेली होती. "रसामुळे असेल," ती म्हणाली, पण तिचा चेहरा काही वेगळंच म्हणत होता. साखरेच्या डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, साखर इतकी काही वाईट नाही, डोक्याच्या डॉक्टरांना दाखवा. डोक्याच्या क्लिनिकला फोन केला. तिथली बाई म्हणाली, "आवाज येतात का?" मी म्हणालो, नाही. "मग साखरेच्या डॉक्टरांना दाखवा." दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसा मी फोन हातात धरून बसलो.

आवाज येत नव्हते हे खरं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. या आधी दोनदा डोकं गेलं तेव्हा गलक्याने गेलं होतं. या वेळी आत नुसतं धुकं. बिनसलंय म्हणावं तर ओळखीचं नाही, नाही म्हणावं तर मोजे ओव्हनमध्ये.

शुक्रवारी मॉरीन मासा घेऊन आली. ती नेहमीच शुक्रवारी येते. तिने फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली.

"नेव्ह, किटली फ्रिजमध्ये का आहे?"

"गरम झाली होती."

ती कोट न काढता खुर्चीवर बसली. मग उठून माझ्या गोळ्यांची डबी उघडली, सोमवार, मंगळवार, बुधवार, एकेक कप्पा बघितला. आजपर्यंतचे सगळे रिकामे, जसे असायला हवेत तसे. तिला वाटलं होतं मी गोळ्या घेत नसेन. घेतोय म्हटल्यावर ती जास्तच गोंधळली.

"मग होतंय काय तुला?"

"मला माहीत असतं तर तुला सांगितलं नसतं का?" मी ओरडलो. ओरडायला नको होतं. ती मासा तळायला लागली.

सोमवारी खालच्या मजल्यावरच्या बाईला मी जिन्यात झोपलेला सापडलो. विजार ओली होती. त्यावर मी आणखी काही सांगणार नाही. दुसऱ्याच दिवशी पत्र आलं: गुरुवारी डोक्याचे डॉक्टर ब्रॅमॉल, कर्स्टी आणि मॉरीन यांच्यासोबत बैठक, विषय, नेव्हिलला चोवीस तास देखरेखीच्या घरात काही दिवसांसाठी हलवणं. ते काही दिवस मला माहीत आहेत. मागच्या वेळचे काही दिवस नऊ वर्षं चालले होते.

बुधवारी माझ्या गोळीची महिन्याची रक्ततपासणी होती. ही गोळी घेणाऱ्या सगळ्यांना दर महिन्याला रक्त द्यावं लागतं, त्यामुळे त्या बाकावर आम्ही जुनी मंडळी एकमेकांना ओळखतो. शेजारी डॉट बसली होती. आवाजाच्या बाबतीत माझ्याहून पाच वर्षं सीनियर. तिने माझ्याकडे बघितलं, पर्समधून कागदी रुमाल काढला आणि माझी हनुवटी पुसली.

"लाळ गळतेय तुझी. सिगरेट सोडलीस की काय?"

चोराच्या मनात चांदणं. मी ताडकन सरळ बसलो. "तुला कोणी सांगितलं?"

"मला कोण सांगणार? गेल्या वर्षी मला वॉर्डात ठेवलं तेव्हा तिथे ओढायला बंदी. दहा दिवसांत माझं असंच. लाळ काय, झोप काय, खुर्चीला गुड मॉर्निंग म्हणत होते. अरे, धूर आपली गोळी खातो. ओढणाऱ्याला म्हणून जास्त गोळी देतात. धूर थांबला की गोळी खायला कोणी उरत नाही, ती अंगात साठत जाते. मग त्यांनी माझी गोळी कमी केली, झाले बरी. म्हणून तर सोडायच्या आधी सांगायचं असतं."

"सांगायचं असतं?"

"सगळ्यांना माहीत आहे! कागदावर लिहून देतात."

देतात. ओढणाऱ्यांना देतात. मला कोण देणार होतं? मी तर तीन वर्षांपूर्वीच सोडलेली.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. नर्स रक्त काढत होती आणि माझ्या ओठांवर शब्द आलेला होता, पण बाहेर पडेना. सांगितलं तर मी खोटारडा. अट मोडली, फ्लॅट गेला, आणि मॉरीनने खोटी सही केली हेही बाहेर आलं. नाही सांगितलं तर मी वेडा, फ्लॅट तरीही गेला. घरी येऊन मी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून खाली बसलो.

गुरुवारी बैठकीत डॉक्टर ब्रॅमॉल माझ्या समोर बसले होते. उंच, हळू बोलणारे, चांगला माणूस. एका बाजूला कर्स्टी, दुसऱ्या बाजूला मॉरीन मांडीवर पर्स घट्ट धरून.

"नेव्हिल, ठरवण्याआधी तुम्हाला काही सांगायचंय का?"

"मी सिगरेट सोडली."

"हो, तीन वर्षं झाली. फार चांगलं केलंत."

"नाही. एकेचाळीस दिवस झाले."

त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं. "इथे तीन वर्षं लिहिलंय."

"ते खोटं आहे."

"तुमच्या मते ते खोटं कोणी लिहिलं?"

"मीच."

डॉक्टरांनी खुर्ची जरा पुढे ओढली. आवाज आणखी मऊ केला, आणि मला कळलं, आता मी बुडालो. "नेव्हिल, आपण ओढत होतो असं तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं?"

मला हसू आलं. नको तेव्हा हसणं हेसुद्धा माझ्या आजाराचं लक्षण आहे, तेही लिहिलं गेलं.

"इतकी वर्षं हे कोणालाच कळलं नाही?"

"मी कळू दिलं नाही."

"लपवत होतात? कोणापासून?"

"सगळ्यांपासून."

ते लिहीत होते. इतक्या वर्षांत मला ते अक्षर उलट्या बाजूनेही वाचता येतं. कर्स्टी हळूच म्हणाली, "माझ्याकडेही 'नाही'च आहे." मी माझी बोटं बघितली. टोकांचा पिवळा रंग सहा आठवड्यांत निघून गेला होता. आणि खरं सांगतो, क्षणभर मलाच शंका आली. डब्यांमागे उभा राहणारा तो माणूस होता तरी का? की तोही माझ्या डोक्याने केला? धुक्यात मला काहीच धरायला सापडेना.

"मॉरीन," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही काय सांगाल?"

मॉरीनने पर्स आणखी घट्ट धरली. चर्चमध्ये ज्या ओळीवर तिचा विश्वास नाही त्या ओळीला ती ओठसुद्धा हलवत नाही, अशी बाई. तिने आयुष्यात एकच खोटी सही केली होती आणि ती माझ्या दारासाठी. मी तिच्याकडे बघितलंच नाही. मला वाटलं, ती म्हणेल की माझा भाऊ ओढत नाही, आणि मला तिचा राग येणार नाही.

"ओढत होता," मॉरीन म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"तीस वर्षं मी मासळीच्या कारखान्यात होते. कालचा हॅडॉक मासा कोणता आणि आजचा कोणता, मी डोळे मिटून सांगते. हा शुक्रवारी पुदिन्याची गोळी चघळत दार उघडणार आणि मला कळणार नाही? रोज ओढत होता. डब्यांच्या मागे."

"पण फॉर्मवर तुम्ही..."

"खोटी सही केली. त्याला घर मिळत होतं. तुम्हाला कोणाला कळवायचं ते कळवा." मग ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चिरकला. "गेल्या महिन्यात वास येईनासा झाला तेव्हा मला वाटलं माझं नाक म्हातारं झालं. अरे गाढवा, एकेचाळीस दिवस! मला एका शब्दाने सांगितलं असतंस तर मी तुला केक..." ती कर्स्टीकडे बघून थांबली. "बरं, मटार आणले असते."

मला रडू आलं. एकेचाळीस दिवसांत मला कोणीही शाब्बास म्हटलं नव्हतं, आणि गाढवा हा शब्द मला तसाच ऐकू आला.

डॉक्टर ब्रॅमॉल यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी फोन उचलला आणि प्रयोगशाळेला सांगितलं की नेव्हिलचं कालचं रक्त टाकू नका, त्यात गोळी किती आहे ते बघा. उत्तर यायला दिवस लागतात म्हणून गोळी त्याच संध्याकाळपासून थोडी कमी केली. सोमवारी त्यांचा फोन आला. गोळी जितकी हवी त्याच्या दुपटीने साठली होती.

"मला माफ करा, नेव्हिल," ते म्हणाले. "मी तुमच्याशी बोलत नव्हतो, पडद्याशी बोलत होतो."

"मीच शिकवलं होतं त्याला काय बोलायचं ते," मी म्हणालो.

गोळी हळूहळू आणखी कमी करायची ठरली. घरीच, पण सोबत कोणीतरी राहायला हवं, आणि आवाज परत आले तर लगेच कळवायचं. कळवलं तर काय, असं मी विचारलं. "मग बघू. कदाचित काही दिवस वॉर्डात," ते म्हणाले. पुन्हा तेच काही दिवस. कर्स्टीने फ्लॅटवाल्या संस्थेला सगळं खरंखरं लिहून पाठवलं. त्यांचा एक माणूस आला, पडदे हुंगले, गादी हुंगली, आणि एक लेखी ताकीद देऊन गेला. मॉरीन बॅग घेऊन आली आणि माझ्या सोफ्यावर झोपायला लागली. ती घोरते. तिला सांगू नका.

धुकं रोज थोडं थोडं विरत गेलं. किटली ओट्यावर राहायला लागली. मी बसच्या थांब्यावरून चालत पुढे गेलो आणि कुठे जातोय ते मला माहीत होतं. कर्स्टीने पुन्हा दोरा टोचला, अंगठ्याला अजूनही कळलं नाही, पण शेजारच्या बोटाला कळलं.

गोळी कमी केली त्याच्या बाराव्या दिवशी सकाळी मॉरीन समोर ओट्सची वाटी घेऊन बसली होती. रोजच्यासारखं तिने विचारलं, "साखर?" मी आकडा सांगितला. "आवाज?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं. त्यात तर माझा हात कोणी धरू शकत नाही. मी दाराकडे बघितलं, कडीकडे बघितलं.

"एक आला होता," मी म्हणालो. "मघाशी, दाढी करताना. हळूच."

मॉरीनचा चमचा थांबला. "काय म्हणाला?"

"म्हणाला, एक ओढ."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

तिने वाटी खाली ठेवली. फोन टेबलावर होता, तिच्या कोपरापाशीच, पण तिने हात लावला नाही. "एकदाच ना?" ती म्हणाली, जवळजवळ कुजबुजत. "आणि हळूच. इतकं काय, होतं कधीकधी. कोणाला कळणार आहे? मी काही बोलणार नाही, नेव्ह."

ती पुन्हा सही करायला तयार होती. मला ती त्या क्षणी फार आवडली. मी फोन उचलला आणि तिच्या हातात दिला.

"डॉक्टरांना सांग," मी म्हणालो. "आवाज आला म्हणून सांग. आणि मी नाही म्हटलं, तेही लिहून घ्यायला सांग."